गाडीचे तोंड रस्त्याकडे

तारखा आधी नोंदवतो, म्हणजे पुढे कोणाला स्मरणदोषाचा आडोसा घेता येणार नाही.

श्रावण वद्य चतुर्दशी, पोळ्याचा आदला दिवस. सायंकाळी आमच्या घरमालकांनी अंगणात उभ्या असलेल्या विजेच्या मोटारगाडीला सणाच्या जेवणाचे आवतन दिले आणि तिची चार्जिंगची तार काढून ठेवली. दिवेलागणीनंतर गावाची वीज गेली. श्रावण अमावास्या, पोळा. सकाळी वीज आलेली नव्हती. त्याच दिवशी, दुपार होण्याच्या आत, मारेगाव ओलांडल्यावर एका धाब्याच्या आवारातील चार्जिंग यंत्राला साखळी आणि कुलूप आढळले. भाद्रपद शुद्ध प्रतिपदा. मी पहिले पत्र लिहिले.

जबाबदार कोण, तेही आताच सांगतो. पहिले, त्या भागाचे वीज कार्यालय. जळालेल्या डीपीची, म्हणजे गावाच्या रोहित्राची, तक्रार त्याने आधीपासून ऐकून घेतली आणि ती कानाआड केली. दुसरे, त्या चार्जिंग यंत्राचा चालक, ज्याने पाटीवर 'चोवीस तास सेवा' अशी अक्षरे रंगवून घेतली. तिसरे, यवतमाळचा गाडीविक्रेता, ज्याच्या गाडीतल्या नकाशाने ते कुलूपबंद यंत्र हिरव्या ठिपक्याने चालू दाखवले. चौथे नाव घरमालकांचे स्वतःचे आहे. ते मी घातलेले नाही. मी पत्र लिहीत असताना ते समोर बसून होते. म्हणाले, "नाझरसाहेब, माह्यं नाव काहून गाळून राह्यले? तार म्या काढली. लिहा."

मी नाव लिहिले. त्यांनी ते दोनदा वाचून घेतले, तेव्हा कुठे पत्र पाकिटात गेले.

मी तालुक्याच्या न्यायालयात नाझर होतो. समन्स बजावणे, जप्त्या करणे, पंचनाम्यावर सह्या घेणे, यांत माझी सारी नोकरी सरली. त्या काळात वणीला यांच्या घरातल्या दोन खोल्यांत मी भाड्याने राहिलो. खोल्या पाहायला गेलो तेव्हा त्यांनी पगार विचारला नाही, जात विचारली नाही, सामान किती तेही विचारले नाही. विचारले ते असे: "साहेब, अचानक छातीत दुखलं तं कोनाले हाक माराल?"

मी म्हणालो, "तुम्हालाच मारीन."

"अन् मी घरी नसलो तं?"

त्यांनी मला ओसरीत नेले आणि दाराच्या चौकटीवरचा खिळा दाखवला. तिथे त्यांच्या डिझेल जीपची किल्ली लटकत असे. मग अंगणात नेऊन जीप सुरू करायला लावली, बंद करायला लावली, पुन्हा सुरू करायला लावली. मला त्या वेळी वाहन चालवता येत नव्हते, हे सांगूनही त्यांनी ऐकले नाही. "सुरू करता आली पायजे. चालवनारा रस्त्यावर भेटते. सुरू करनारा घरात पायजे." एवढे झाल्यावर खोल्या माझ्या झाल्या. भाडे किती, हे मीच विचारले.

त्यांच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांचा पहिला अपमान फाटकातच होई. कोणी गाडी सरळ आत घालून घराकडे तोंड करून उभी केली की हे ओसरीवरून ओरडत, "अबे, तोंड घरात अन् शेपूट रस्त्यावर? आग लागली तं मागं मागं पळसान काय?" पाहुणा जावई असो, तलाठी असो वा नवरदेवाची वरात घेऊन आलेला व्याही, त्याला गाडी वळवून मागे घ्यावी लागे आणि मगच पाणी मिळे. एका व्याह्याने ही गोष्ट मनाला लावून घेतली होती. सोयरीक कशीबशी टिकली. त्यांच्या घरी बैलगाडीसुद्धा जू रस्त्याकडे करून ठेवलेली असे.

लोक हसत. मीही पहिली काही वर्षे हसलो. मग त्यांच्या पत्नीने, आम्ही त्यांना वहिनी म्हणतो, एकदा भाकऱ्या थापता थापता कारण सांगितले. कापसावर अळी वाढली आणि फवाऱ्यांना खंड राहिला नाही, त्या सुरुवातीच्या वर्षांतली ती गोष्ट. यांच्या वावरात फवारणी करणारा एक माणूस दुपारी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, बसला तो उठेना. घाम सुटलेला, तोंडाला फेस, डोळ्यांपुढे अंधार. त्याला उचलून वावरातल्या गोठ्यापाशी आणले. जीप तिथेच होती, पण तोंड भिंतीकडे, आणि मागे भरलेली बैलगाडी. गाडी हलवायची, बैल आणायचे, जीप वळवायची. या सगळ्याला जो वेळ गेला तो वेळ परत आला नाही, तो माणूसही नाही. "त्या मानसाची बायको आली तेव्हा हे जीपच्या मांगंच उभे होते," वहिनी म्हणाल्या. "तिनं काई म्हटलं नाही. काई म्हटलं असतं तं बरं झालं असतं."

पुढे त्यांनी वणीचे घर सोडले आणि मुकुटबनच्या बाजूला, आपल्या वावराला लागून, घर बांधले. मीही निवृत्त होऊन यवतमाळला आलो. पण दर पोळ्याला त्यांच्याकडे जाण्याचा माझा नेम मोडला नाही. नव्या घराच्या अंगणात दोन गोष्टी कायम दिसत. एक, रस्त्याकडे तोंड करून उभी असलेली तीच जुनी जीप. दुसरी, एका उंच काठीला बांधलेला कापसाचा पेळू. तो कोणत्या बाजूला उडतो ते पाहून ते फवारणीला हो किंवा नाही म्हणत. पेळू निपचित लोंबत असला तर कोणालाही पंप पाठीवर घेऊ देत नसत. "वारा नसला म्हंजे विष कुठं जाते? जिथं मानूस हाय तिथंच थांबते." सबंध गाव त्यांना भित्रा म्हणे. त्यांना ते ठाऊक होते. भीती ही त्यांच्या दृष्टीने घरातली एक वस्तू होती, विळा-खुरप्यासारखी. धार लावून, हाताशी, ठरलेल्या जागी ठेवायची.

अशा माणसाच्या घरी विजेच्या गाडीचा विषय निघाला.

विषय काढला मुलाने. जीप म्हातारी झाली होती, डिझेल परवडेनासे झाले होते, घराच्या छपरावर सौर पॅनेल बसवण्याचे त्याच्या मनात होते. सूनबाई रोज वणीच्या शाळेत शिकवायला जात. मी त्या वर्षी पोळ्याच्या बरेच आधी त्यांच्याकडे मुक्कामी गेलो होतो, म्हणून ही सुनावणी मी स्वतः ऐकली. सुनावणीच म्हणतो, कारण त्यांनी ती तशीच घेतली. सगळ्यांना ओसरीवर बसवले आणि प्रत्येकाला विचारले, तुले कुठं जा लागते?

वहिनी म्हणाल्या, माहेरी राजूरला, आणि आठवड्याच्या बाजाराला. सूनबाई म्हणाल्या, शाळेत. मुलगा म्हणाला, कृषी केंद्रात, वणीला, कधी पांढरकवड्याला.

"मंग झालं तर," मुलगा म्हणाला. "बाबा, एवढं सगळं एका चार्जिंगमंदी होते. संध्याकाळी तार लावली का सकाळी गाडी तयार. आपल्या घराले हेच पुरते."

"रोजचं जानं पुरते," घरमालक म्हणाले. "रोजच्या जान्यासाठी गाडी कोन घेते बे? रोजचं जानं एस्टीनं बी होते. घर गाडी घेते ते एका जान्यासाठी. ते एक जानं सांग. इथून यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या दारात, भर उन्हात, पाच मानसं घेऊन, न थांबता. पोचन का?"

"पोचते ना. कंपनीनं लिहून देल्लं हाय."

"बैल इकनाराबी सांगते का बैल लय गुनाचा हाय."

सूनबाई तोंडाला पदर लावून हसल्या. म्हणाल्या, "मामाजी, मग दात मोजून पाहा तिचे."

त्यांनी ते हसण्यावारी नेले नाही. बैल घेताना आमच्याकडे जोतून पाहण्याची रीत आहे. घेणारा जोडी घरी नेतो, एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत वापरतो, भरल्या गाडीला लावतो, चढावर लावतो, आणि मगच सौदा पक्का करतो. ती रीत त्यांनी यवतमाळच्या विक्रेत्यापुढे ठेवली. मी सोबत होतो. विक्रेत्याचा तरुण माणूस आधी हसला, मग म्हणाला, "काकाजी, फेरी मारून आणतो ना तुम्हाले, चौकापर्यंत."

"चौकापर्यंत मी पायी जातो," घरमालक म्हणाले. "मले चौक नाही घ्याचा."

शेवटी या एका म्हाताऱ्यामुळे आजूबाजूच्या गावांत आपले नाव होईल, असा हिशेब विक्रेत्याने केला असावा. दाखवण्यासाठी ठेवलेली गाडी एका बाजारापासून दुसऱ्या बाजारापर्यंत त्यांच्या अंगणात उभी राहील, असे ठरले. ती आली. त्यांनी तिचे तोंड रस्त्याकडे करवून घेतले, तिच्याभोवती एक फेरी घातली आणि मग जे केले ते त्या पंचक्रोशीत दुसऱ्या कोणालाही सुचले नसते. त्यांनी आपली जुनी जीप मुलीच्या घरी, पुसदला, पाठवून दिली.

मी विचारले, "भाऊ, ही का पाठवली? दोन्ही राहू द्या की."

"जुना बैल दावनीले असला का नव्याची परीक्षा होत नाही, नाझरसाहेब. मन जुन्यावर टेकते. मंग नवा काय करते, काय नाही, कायले कोन पाहीन?"

हा तर्क निर्दोष होता. तर्कातली एकही कडी मला आजही तोडता येत नाही. ज्या माणसाने सारे आयुष्य एका क्षणासाठी वाहन दारात उभे ठेवले, त्याने केवळ परीक्षा प्रामाणिक व्हावी म्हणून आपला एकमेव आधार चार तालुक्यांपलीकडे धाडला.

परीक्षेचे पहिले दिवस चांगले गेले. त्यांनी गाडीत ढेपेच्या गोण्या भरल्या, वर माणसे बसवली आणि टिपेश्वरच्या बाजूचे चढ चढवून आणले. सूनबाई चालवत. हे शेजारी बसून पडद्यावरच्या आकड्याकडे असे पाहत जसे कोणी थर्मामीटरकडे पाहते. त्यांची एकच तक्रार होती. तिला आवाज नव्हता. "जीप मारेगावच्या फाट्यावर असली तरी मले समजे. हिचं काय चाललं ते हिच्या पोटातच."

आणि गावाची डीपी दुखणाईत होती. दोनदा जळून दोनदा दुरुस्त झालेली. तक्रार दिलेली होती. लाइनमन येऊन पाहून गेला होता. वीज येई, जाई, कमी दाबाने येई. गाडी रात्रभर तारेला असली तरी सकाळी कधी भरलेली असे, कधी अर्धीच.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी असते. वर्षभर जू वाहिलेले बैलांचे खांदे तुपा-हळदीने चोळायचे, शेकायचे, आणि त्यांना म्हणायचे, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या. दुसऱ्या दिवशी बैलाला जुंपायचे नाही. माणसानेही काम करायचे नाही. त्या सकाळी मुलाला घाई झाली. सणाच्या आत शेवटचा फवारा उरकायचा होता, कारण पऱ्हाटीवर, कापसाच्या झाडांवर, अळी दिसली होती आणि पुढचे दोन दिवस कोणी कामाला येणार नव्हते. घरमालक आणि मी गाडी घेऊन मुकुटबनला गेलो होतो. अंगणातल्या काठीवरचा पेळू निपचित लोंबत होता. तो पाहणारे घरी नव्हते.

मुलगा फवारा उरकून दुपारी परतला, अंघोळ केली, थोडे डोके दुखते म्हणाला आणि पडून राहिला. सणाच्या गडबडीत ते कोणाच्या मनावर बसले नाही.

सायंकाळी गोठ्यात खांदशेकणी झाली. मग घरमालक हळदीच्या हातांनी अंगणात आले आणि विजेच्या गाडीपुढे उभे राहिले. "हिचा खांदा कोनता बाप्पा?" त्यांनी मला विचारले. मी म्हणालो, चाकेच असतील. त्यांनी चारही चाकांना हळद-तूप लावले. वहिनी कपाळावर हात मारून हसत होत्या. मग त्यांनी हात जोडून म्हटले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." आणि लावलेली तार काढून घेतली.

"मामाजी, तार कायले काढली?" सूनबाई म्हणाल्या. "गाडी अर्धीबी भरली नाही."

"उद्याचं आवतन देल्लं ना आता. आवतन देल्लेल्या पाव्हन्याले आजच जेवू घालते काय कोनी? उद्या सकाई पुरनाच्या पोईसोबत लावतो तार. उद्या तिले जुंपाचंबी नाही."

सगळे हसले. मी हसलो. ती थट्टा होती, आणि ते स्वतःही थट्टेतच बोलत होते. घराची वीज तोवर चालू होती. ती दिवेलागणीनंतर गेली आणि परतली नाही.

पोळ्याच्या सकाळी मुलगा उठला तो भिंत धरून. वहिनींनी त्याला चहा दिला, तो उलटला. सारे अंग घामाने निथळत होते, लाळ थांबत नव्हती. म्हणाला, "आई, दार कुठं हाय? दोन दोन दिसून राह्यले." घरमालक ओसरीवर बसून बैलांची शिंगे रंगवत होते. त्यांनी ते शब्द ऐकले. ब्रश खाली ठेवला. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले आणि मला कळले की या माणसाने हाच क्षण अनेक वर्षे रोज पाहिलेला आहे. फक्त त्यात बसलेला माणूस आपला मुलगा असेल, एवढे त्यांनी पाहिले नव्हते.

त्यांचा हात चौकटीवरच्या खिळ्याकडे गेला. खिळा रिकामा होता.

रुग्णवाहिकेला फोन लावला. ती दुसऱ्या गावी दुसरा रुग्ण घ्यायला गेली होती. गावातली एकमेव मालवाहू गाडी सणासाठी बाहेर होती. सूनबाईंनी विजेच्या गाडीचे दार उघडले. मागे वहिनी मुलाचे डोके मांडीवर घेऊन बसल्या, त्यांच्याशेजारी मी. पुढे घरमालक. गाडी निघाली तेव्हा तिचा आवाज झाला नाही. तोंड रस्त्याकडे होते, म्हणून वळवावी लागली नाही. एवढी एकच गोष्ट त्या दिवशी त्यांच्या मनासारखी झाली.

वणीच्या दवाखान्यात डॉक्टरांनी इंजेक्शन दिले आणि स्पष्ट सांगितले, श्वासावर जाऊ शकते, यवतमाळला न्या, ताबडतोब. तिथली रुग्णवाहिकाही बाहेर होती. मी भाड्याची गाडी पाहायला निघालो, पण सूनबाईंनी गाडीतला नकाशा पुढे केला. मारेगावच्या पुढे एक हिरवा ठिपका होता. शेजारी लिहिलेले होते, चालू. "तिथवर आरामात जाते. थोडा वेळ लावू, पुढचं निभते. गाडी शोधण्यात वेळ जाईल, काका." माझा कायद्याचा सगळा अनुभव सांगतो की त्या क्षणी उपलब्ध असलेल्या माहितीवर तो निर्णय योग्य होता. माहिती खोटी होती. ती कोणी दिली, हा प्रश्न मी सोडणार नाही.

सूनबाईंनी थंड हवा बंद केली. काचा उघडल्या. भाद्रपदाच्या तोंडाचे ते दमट ऊन आत आले. गाडी हळू चालवायची, म्हणजे वीज पुरते. लवकर चालवायची, म्हणजे माणूस पुरतो. सूनबाई या दोन भीतींच्या मधून गाडी नेत होत्या आणि पडद्यावरचा आकडा आमच्या देखत उतरत होता. मुलगा मध्येच वहिनींना विचारी, "पोचलो का?" आणि वहिनी प्रत्येक वेळी म्हणत, "हे काय, आलोच."

धाबा आला. पाटी आली, 'चोवीस तास सेवा'. यंत्राला साखळीचे दोन वेढे आणि त्याला पितळी कुलूप.

धाब्यावरचा माणूस हात पुसत आला. "ते आमचं नाही जी. आमची फक्त जागा हाय. किल्लीवाला पोळ्याले गावाले गेला."

"कोणत्या गावाला?" मी विचारले.

"ते नाही माहीत. पाटीवर नंबर हाय ना."

नंबर लावला. वाजला, वाजत राहिला. पुन्हा लावला. सूनबाईंनी स्टिअरिंगवर कपाळ टेकले. घरमालक उतरले आणि कुलूप हातात घेऊन उभे राहिले. ते ओरडतील असे मला वाटले. ते अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "बैलाले सुट्टी. मानसाले सुट्टी. मंग या कुलपालेच काहून नाही?"

रस्ता ओस होता. थांबण्यापेक्षा चालत राहू, असे सूनबाई म्हणाल्या. पुढे काही अंतरावर चढ लागतो. चढाच्या पायथ्याशी गाडीने इशारा दिला आणि तिचा वेग आपोआप पडला. घरमालक म्हणाले, "थांबव."

"मामाजी, थांबवली तं..."

"थांबव म्हनतो ना. नाझरसाहेब, उतरा."

बैलगाडी चढाला लागली की धडधाकट माणसे उतरतात, बैलांचे ओझे हलके करतात. बायका, लेकरे आणि आजारी वर राहतात. ही रीत मला ठाऊक होती. मी उतरलो. त्यांनी खिडकीतून मुलाच्या केसांवरून हात फिरवला आणि सुनेला म्हणाले, "पोरी, आमच्याकडं पाहू नको. दुसरी गाडी भेटली तं हात दाखव. नाही भेटली तं हिलेच ने. फोन उचलू नको. हात गाडीवर ठेव."

गाडी चढावर गेली. वळणापर्यंत दिसली, मग दिसेनाशी झाली. आणि आवाज नव्हताच. जीप असती तर तिची घरघर चढाच्या पलीकडेही ऐकू आली असती, गिअर बदलल्याचे कळले असते, माथ्यावर पोचल्याचे कळले असते. इथे काहीच नव्हते. गाडी वळणापलीकडे थांबली असती तरी आम्हाला तेवढेच ऐकू आले असते, म्हणजे काहीच नाही. घरमालक मान वाकडी करून, डोळे मिटून, कान देऊन उभे राहिले. मी त्यांच्याकडे पाहणे टाळले. दूर कुठल्या तरी गावात पोळ्याचा डफ वाजायला लागला होता. "तो डफ बंद कर म्हना कोनी," ते म्हणाले.

मी फोन काढला. त्यांनी माझे मनगट धरले. "नका. तिचे हात गाडीवर राहू द्या."

आम्ही दोन म्हातारे मग चढ चढू लागलो. मी वळणापलीकडे काय दिसेल याला भीत होतो. ते माझ्या पुढे चालत होते, आणि वळण आले तेव्हा ते थांबले व मला म्हणाले, "तुमी पाहा."

मी पाहिले. रस्ता रिकामा होता. मी त्यांना तसे सांगितले, तेव्हा ते रस्त्याच्या कडेला मैलाच्या दगडावर बसले आणि बराच वेळ उठले नाहीत.

सूनबाईंचा फोन आला तेव्हा आम्हाला घेणारा एक ट्रॅक्टर मिळाला होता. गाडी यवतमाळच्या वेशीत, अगदी शहराच्या तोंडाशी, थांबली. तिथून एका रिक्षावाल्याने दोघींना आणि मुलाला दवाखान्यात पोचवले. मुलगा वाचला. अनेक दिवस त्याला नीट दिसत नव्हते. आता दिसते. पाण्याचा पेला उचलताना हात थरथरतो, तो तसाच राहिला. दोन म्हाताऱ्यांचे ओझे उतरल्याने खरोखर किती फरक पडला, मला ठाऊक नाही. त्यांना मात्र शेवटपर्यंत वाटत राहिले की त्यानेच पडला.

गाडी परत करण्याची वेळ आली. मुलगा खाटेवरून म्हणाला, "बाबा, नको आता ते. जीपच बरी." विक्रेत्याचा माणूस मान खाली घालून आला होता. घरमालकांनी गाडीभोवती पुन्हा एक फेरी घातली. चाकांवर हळदीचे पिवळे डाग होते.

"बैलानं हयगय नाही केली," ते म्हणाले. "उपाशी जुंपला, भरल्या ओझ्यानं चढावर नेला, अन् वेशीत जाऊन बसला. ज्याईनं वैरन द्याची थ्याईनं हयगय केली. त्याच्यात मीबी हाय. गाडी घेऊन टाकू."

आणि तीच गाडी विकत घेतली. जीपही पुसदहून परत आणली. दोन्हींची तोंडे रस्त्याकडे. खिळ्याशेजारी दुसरा खिळा आला. मग ते मला म्हणाले, "एक पत्र झालं, बाकीचीबी आता लिहा."

मी लिहिली. वीज कार्यालयाचे उत्तर आले की नोंदीनुसार त्या दिवशी पुरवठा सुरळीत होता. विक्रेत्याने कळवले की नकाशातील माहिती त्रयस्थाची असते. किल्लीवाल्याकडून काहीही आले नाही. प्रत्येक उत्तर मी घरमालकांना वाचून दाखवले. ते शांतपणे ऐकत आणि विचारत, "किल्लीचं काय म्हनते?" मी म्हणे, किल्लीचे काही म्हणत नाहीत. "मंग ते उत्तर नाही."

पुढच्या होळीच्या आत ते गेले. पहाटे, झोपेत. दोन्ही गाड्या दारात तयार उभ्या होत्या आणि कोणाला हाक मारण्याइतका वेळ त्यांना मिळाला नाही. माणसे आली ती आपापल्या गाड्यांची तोंडे रस्त्याकडे करून उभी करत होती. कोणी सांगितले नव्हते.

आता फवारणीचे दिवस पुन्हा जवळ आले आहेत. काठीवरचा पेळू सूनबाई बदलतात. मुलगा त्याच्याकडे पाहिल्याशिवाय वावरात जात नाही. डीपी तीच आहे. मी गेल्या आठवड्यात त्या धाब्यावर उतरून पाहिले. पाटी नव्याने रंगवली आहे, अक्षरे आधीपेक्षा मोठी केली आहेत. साखळी तीच आहे. नकाशात ठिपका हिरवा आहे.

माझ्या पत्रातल्या चार नावांपैकी चौथ्याने आपली कबुली माझ्या हाताने लिहवून घेतली आणि तो गेला. उरलेल्या तिघांनी आता पाकिटात घालून मला उत्तर पाठवू नये. मला त्याचा उपयोग नाही. ज्या रस्त्यावर आमचे घरमालक डोळे मिटून, न येणाऱ्या आवाजाला कान देऊन उभे राहिले, त्या रस्त्याच्या गावांपुढे, भर ग्रामसभेत, नावानिशी उभे राहून सांगावे: त्या सकाळी त्या कुलपाची किल्ली कोणाकडे होती? आणि येत्या पोळ्याला, कोणाच्या तरी लेकराला दोन दोन दारे दिसू लागतील तेव्हा, ती कोणाकडे असेल?